मुका रेनकोट

पावसाळी कपडा निवडणं आणि मुलीसाठी स्थळ निवडणं यांत फारसा फरक नाही. दोन्हीकडे तीनच गोष्टी पाहायच्या असतात. टिकाऊ आहे का, शांत आहे का, आणि बाहेरचं काही आत येऊ देणार नाही ना. तिन्ही प्रश्नांना समोरची पार्टी "अगदी, अगदी" म्हणून मान डोलावते, आणि खरी परीक्षा पहिल्या पावसात होते. माझ्या मर्यादित निरीक्षणाप्रमाणे टिकाऊ असतो तो कुरकुरा निघतो, शांत असतो तो सगळं शोषून घेऊन जड होतो, आणि ज्याच्या अंगाला बाहेरचं काहीच लागत नाही, त्याच्या सहवासात आपल्यालाच आतल्या आत घाम फुटतो. मी स्वतः या तिघांपैकी कुठल्या वर्गात बसतो, हा प्रश्न लग्नाला वीस वर्षं झाली तरी मी घरात विचारलेला नाही. काही खाती न उघडलेलीच बरी.

तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला असल्या कपड्याची गरजच काय? बरोबर आहे. घरापासून बसस्टॉपपर्यंत आणि बसस्टॉपपासून शाखेपर्यंत मिळून चारशे-साडेचारशे पावलं. तेवढ्याला एक काळी छत्री मला पुरते, आणि ती शाखेत विसरली तर दुसऱ्या कुणाला तरी पुरते. पण मला एक मेहुणा आहे आणि मेहुण्याला बेडकांचा नाद आहे. तो कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. लोक ज्या भक्तिभावाने सवाई गंधर्वला जातात, त्या भक्तिभावाने तो जून-जुलैतल्या शनिवारी रात्री आंबोलीला बेडकांचं गाणं ऐकायला जातो. गाडी माझी असल्यामुळे मीही जातो.

आंबोली म्हणजे सावंतवाडी तालुक्यातलं घाटमाथ्यावरचं गाव. वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस. कोल्हापुरात पाऊस पडतो. आंबोलीत पाऊस राहतो आणि अधूनमधून माणसं येऊन पडतात. तिथल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर पहिल्या पावसाची डबकी साचली की बेडकांचा बाजार भरतो. त्यात एक आंबोलीचा खास भेक आहे. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावातच 'टायग्रिना'. शास्त्राच्या वहीत त्याची वेगळी नोंद झाली ती २००९ साली, आणि नोंद झाली तीच मुळी नष्ट होण्याच्या उंबरठ्यावरचा प्राणी म्हणून नाव लागण्यासाठी असावी, असं वाटण्याइतक्या लवकर त्याचं नाव त्या यादीत गेलं. आंबोली आणि आसपासचे सडे सोडले तर तो कुठे फारसा मिळत नाही. बदलीला तयार नसलेला कर्मचारी म्हणा ना.

आता हा प्राणी दिसायला जेमतेम अंगठ्याएवढा. त्याला शोधायचं ते आवाजावरून. आणि माणूस हलला की तो गप्प होतो. तुमच्या बाहीची बाही बरगडीला घासली तरी त्याची मैफल बंद. म्हणून मेहुण्याची मागणी अशी, की पाणी आत येऊ न देणारा, काट्याकुट्यांत न फाटणारा, आणि तरीही मुका कपडा पाहिजे. सरकारी निविदेत सुद्धा इतक्या परस्परविरोधी अटी नसतात. निदान एका पानावर नसतात.

पण हा प्रश्न नुसत्या मेहुण्याच्या हौसेचा नाही, हे मला हळूहळू उमगत गेलं. ज्या जगात आपण पाहुणे म्हणून जातो, तिथे आपण किती कोरडं राहावं, आणि त्या कोरडेपणाचा आवाज कुणी सहन करावा? शब्दच बघा. मराठीत कोरडं असणं ही काही स्तुती नाही. कोरडी सहानुभूती, कोरडा उपदेश, कोरडा पाषाण. याउलट ओलावा म्हणजे माया. ज्या भाषेत वर्षातले चार महिने कपडे वाळत नाहीत, त्या भाषेने ओलेपणाला मायेचा अर्थ द्यावा, हे आपल्या पूर्वजांच्या सोशिकपणाचं लक्षण आहे. की बायकांच्या? कपडे वाळत त्याच घालत होत्या.

असो. महाद्वार रोडवरच्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने पहिला कोट काढला, खुर्चीवर पसरला आणि त्यावर ग्लासभर पाणी ओतलं. पाणी मोत्यांसारखं टपटप घरंगळून खाली बसलेल्या त्याच्या नोकराच्या चपलेत गेलं. "बघा!" दुकानदार म्हणाला. मेहुण्याने पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने कोटाची बाही उचलली, नारळ पारखतात तशी कानाशी धरली आणि चोळली. फरसाणाची पुडी सिनेमागृहात उघडल्यासारखा आवाज झाला.

"आवाज करतोय," मेहुणा म्हणाला.

"आवाज?" दुकानदार माझ्याकडे वळला. "साहेब, यांना रेनकोट घ्यायचाय का रेडिओ?"

दुसरा कोट आला. तो ताडपत्रीसारखा आपटत होता. तिसरा घातल्यावर मी चाललो तेव्हा कुणीतरी नव्या नोटांचं बंडल मोजतंय असं वाटलं. तो आवाज मला व्यक्तिशः आवडला. पण बेडकांना बँकिंगची आवड नसावी. चौथा कोट मऊ होता, जवळजवळ ब्लँकेटसारखा. चोळला तर आवाज नाही. मेहुण्याचा चेहरा उजळला. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं, की हा पाणी पितो. म्हणजे अंगापर्यंत येऊ देत नाही, आत पडदा आहे, पण बाहेरचा मऊ भाग भिजून जड होतो. "दोन तासांनी कोट तुम्हाला घालून चाललाय असं वाटंल." अशा सचोटीचा दुकानदार मी पुष्कळ दिवसांत पाहिला नव्हता. त्याचं कारण पुढे कळलं. तो कोट शेवटचा होता आणि त्याच्या भाच्याने बघून ठेवला होता.

कोटांच्या कॉलरीत आकडे लिहिलेले असतात. आकडा दिसला की बी.कॉम. माणूस जागा होतो. एकावर लिहिलं होतं १०,००० मिलिमीटर. मेहुण्याने लगेच हिशेब केला, "दाजी, आंबोलीचा जवळजवळ दीड वर्षाचा पाऊस!" प्राणिशास्त्राच्या लोकांना हिशेब शिकवत नाहीत. हा आकडा पावसाचा नसतो, पाण्याच्या उभ्या खांबाचा असतो. कापडावर नळी उभी करायची, तीत पाणी भरत जायचं, आणि कापडाला घाम फुटेपर्यंतची उंची मोजायची. दहा मीटर म्हणजे तीनमजली चाळीएवढी पाण्याची नळी. आता इतकं पाणी कुणाच्या खांद्यावर कोण उभं करणार? पण पाठीवरच्या पिशवीचा पट्टा करतो. दगडावर टेकलेला गुडघा करतो. पाऊस वरून येतो तो फार हळुवार येतो; कापडाला खरा दाब आपल्याच वजनाचा असतो. दुसरा आकडा डेनियरचा. ९००० मीटर सूत जितके ग्रॅम भरेल तितके डेनियर. जितकं जाड तितकं टिकाऊ, आणि बहुधा तितकंच बोलकं. डेनियर हा शब्द मूळ एका जुन्या फ्रेंच नाण्याचा, हे कळल्यावर मला त्या कॉलरीविषयी एकदम आपुलकी वाटली. शेवटी सगळं येऊन कॅश काउंटरवरच थांबतं.

माणसाची जलाभेद्य कापडाशी पहिली गाठ कुठे पडते? पाळण्यात. मेणकापड! आयुष्यातलं हे पहिलं कापड आपल्याला पाण्यापासून वाचवायला नसतं, गादीला आपल्यापासून वाचवायला असतं. हा मुद्दा मोठेपणी आपण साफ विसरतो. कुठलाही कोट घातला की मधे एक पडदा येतो, आणि पडद्याला दोन बाजू असतात. आतला वाचतो हे आपण बघतो. बाहेरच्याचं काय होतं, हे बघायला कोटाची टोपी आड येते.

ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मधे पातळ केलेल्या रबराचा थर देऊन पेटंट घेतलं. हा कोट उन्हाळ्यात चिकटायचा, थंडीत पुठ्ठ्यासारखा ताठ व्हायचा, आणि त्याला वास यायचा. तरी इंग्रजांनी त्याला इतकं मानलं की कोटालाच त्याचं नाव दिलं, आणि देताना स्पेलिंगमध्ये एक 'के' जास्तीचा घातला. आमच्याकडे हा चेक सही जुळत नाही म्हणून परत गेला असता. रबराचा चिकटपणा पुढे चार्ल्स गुडइयरने गंधकाबरोबर तापवून घालवला, त्याचं पेटंट १८४४चं. आपल्याकडे कलकत्त्यात सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली बेंगॉल वॉटरप्रूफचा कारखाना काढला आणि बदकाच्या पाठीचं नाव घेऊन आलेला 'डकबॅक' रेनकोट कित्येक घरांत दप्तरांबरोबर वाढला.

मग १९६९. अमेरिकेत रॉबर्ट गोअर नावाचे गृहस्थ टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हलक्या हाताने ताणून बघत होते आणि त्या पटापट तुटत होत्या. शेवटी वैतागून त्यांनी एक कांडी हिसडा देऊन ओढली. ती तुटण्याऐवजी कितीतरी पट लांब झाली! तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याचा थेंब आत शिरणार नाही इतकी बारीक, आणि घामाची वाफ बाहेर पडेल इतकी मोठी. संयमाने जे साधलं नाही ते संतापाने साधलं, याचं हे एवढंच उदाहरण मला माहीत आहे, आणि ते मी घरी सांगितलेलं नाही.

इथपर्यंत कथा गोड आहे. पण त्या पडद्याच्या वरच्या कापडावर पाणी मोत्यासारखं घरंगळायचं तर त्यावर एक लेप द्यावा लागतो. तो नसला तर वरचं कापड भिजून बसतं, वाफ अडते, आणि माणूस आपल्याच घामाने ओला होऊन 'कोट गळतो' म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो. वर्षानुवर्षं हा लेप ज्या रसायनांचा होता, त्यांत कार्बन आणि फ्लोरिन यांची अशी काही मिठी असते की ऊन, पाणी, जंतू, कुणालाच ती सोडवता येत नाही. म्हणूनच तो लेप उत्तम. म्हणूनच तो वाईट. धुताना, घासताना तो सुटतो आणि मग कुठेच जात नाही. मातीत राहतो, पाण्यात राहतो, रक्तात राहतो. पीएफएएस असं त्या कुटुंबाचं नाव. त्यातल्या दोन नावाजलेल्या सदस्यांना स्टॉकहोम कराराच्या यादीत घातलं गेलं, एकाला २००९ साली आणि दुसऱ्याला २०१९ साली. आणि २०२२ साली स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की या कुटुंबातली काही मंडळी आता जगभरच्या पावसातच आहेत. अंटार्क्टिकात, तिबेटच्या पठारावर, अमेरिकेने पिण्याच्या पाण्यासाठी तेव्हा सुचवलेल्या पातळीच्या वर. सगळी काही कोटांतून आलेली नाहीत. तव्यांतून, आगीच्या फेसातून, कारखान्यांतून आली आहेत. पण कोटाचा वाटा त्यात आहेच. म्हणजे पावसापासून वाचण्यासाठी आपण जे अंगावर घेतलं, ते आता पावसातून अंगावर येतंय.

आमच्या धंद्याचा पहिला धडा आहे, घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याला जमा. एका बाजूला नोंद झाली की दुसऱ्या बाजूला झालीच पाहिजे. मी कोरडा राहिलो, ही माझ्या खात्याची नोंद. तिची दुसरी बाजू कुणाच्या खात्यावर टाकायची? दोनशे वर्षं आपण ती उचंत खात्यावर टाकत आलो, ज्याला आम्ही शाखेत 'सस्पेन्स' म्हणतो. ज्या रकमेचा मालक दिसत नाही ती सस्पेन्सला. ऑडिटर येतो तेव्हाच त्याची आठवण होते. फ्रान्समध्ये ऑडिटर जरा लवकर आला. २०२५ साली तिथे कायदा झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून असल्या रसायनांचे नेहमीचे कपडे विकायला बंदी आली. ज्यांना कामासाठी संरक्षण लागतं त्यांच्या काही कपड्यांना सूट ठेवून. आमचा ऑडिटर अजून वाटेत आहे. बहुधा आंबोली घाटात दरड कोसळली असावी.

बेडकाच्या बाबतीत ही दुसरी बाजू फारच उघडी पडते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. तो कातडीतून पितो, आणि बरासचा श्वासही कातडीतूनच घेतो. जगातला सर्वांत गळका कोट त्याच्या अंगावर असतो, आणि त्यावरच तो जगतो. डबक्यात जे येईल ते त्याच्यात येईल. त्याला बघायला आपण निघायचं, आणि अंगावर काय घालून? मेहुण्याला हे मी घाटात ऐकवलं तेव्हा तो दोन वळणं गप्प होता. मग म्हणाला, "दाजी, तुमच्या गाडीच्या धुराचंही बघा कधीतरी." प्राध्यापक लोक वादात हरत नाहीत, विषय बदलतात. पण मुद्दा बरोबर होता, हे मान्य करायला हवं. टायरखाली दर पावसाळ्यात किती बेडूक जातात हे त्या रस्त्यावर सकाळी दिसतंच.

इथे कुणीतरी गीतेतलं कमळाचं पान काढणार, हे मला ठाऊक आहे. आमचे हेड कॅशियर काढतातच. पाण्यात राहून पाणी लागू न देणारं ते पान म्हणजे निर्लेप पुरुषाचा आदर्श! पण मी त्या पानाविषयी थोडं वाचलं आहे. विल्हेल्म बार्थलॉट या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात अशी पानं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा दिसलं की ती गुळगुळीत नसतातच. त्यांच्यावर बारीक बारीक टेंगळं असतात आणि टेंगळांवर मेणाचे कण. थेंब टेंगळांच्या टोकावर तरंगतो आणि घरंगळताना धूळ घेऊन जातो. आपल्या परसातलं अळूही तसंच. अळवावरचं पाणी उगीच म्हणत नाहीत. मला त्यात आवडलेली गोष्ट अशी, की ते मेण झिजतं आणि जिवंत पान ते पुन्हा तयार करतं. पान तुटून वाळलं की मेणाचीही माती. शंभर वर्षं कुणाच्या रक्तात राहायचं, असली महत्त्वाकांक्षा कमळाला नाही. निर्लेप राहायचंच असेल तर लेपही आपला आपण रोज घालावा आणि आपल्याबरोबर न्यावा, असा त्याचा साधा हिशेब दिसतो. हेड कॅशियरना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे रोज आंघोळ." तेही खरंच.

कापसाचं एक उत्तर इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात शोधलं होतं. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये लांब धाग्याच्या कापसाचं इतकं घट्ट कापड विणलं, की भिजल्याबरोबर धागे फुगून छिद्रं स्वतःच बंद होतात. 'व्हेंटाइल' त्याचं नाव. बर्फगार समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी ते होतं. आवाज जवळजवळ नाही, म्हणून पशुपक्ष्यांचे फोटो काढणारे लोक अजूनही त्याच्या मागे असतात. मात्र पुरतं भिजलं की ते पत्र्यासारखं ताठ होतं आणि जड होतं. आणि किंमत अशी, की ते ओलं करायला मन धजावू नये.

आमच्या घोंगडीची किंमत तशी नाही, पण हिशेब जवळपास तोच. दख्खनी मेंढीची लोकर, खड्ड्यातला माग, ताण्याला चिंचोक्याची खळ. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढा दमटपणा पिऊनही हाताला ओली लागत नाही, आणि पिताना थोडी ऊबही सोडते. हे धनगराला कुणी प्रयोगशाळेत दाखवलेलं नाही. गेल्या जुलैत आजऱ्याहून आंबोलीकडे जाताना पुलापाशी एक म्हातारा घोंगडीची खोळ घेऊन म्हशींमागे उभा होता. पाऊस असा, की गाडीच्या काचेवरचे पुसणारे दांडे नोकरी सोडायच्या बेतात. मी गाडी थांबवून विचारलं, "आजोबा, भिजत नाही का?"

"भिजतो की," तो म्हणाला. "पर गारठत न्हाई."

मेहुण्याने घोंगडी चोळून बघितली. आवाज शून्य. त्याने विचारलं, नवी केवढ्याला मिळेल. म्हातारा म्हणाला, "घेशीला, पर वागवशीला कोन? भिजल्यावर लेकराएवढी व्हती, पाव्हणं." वाफाड्यांत भात लावणाऱ्या बायका एके काळी पाठीवर बांबूचं, पानांचं इरलं घेत. दोन्ही हात मोकळे, पाठ झाकलेली, पाय चिखलात. आता बहुतेक ठिकाणी त्या जागी निळं-पिवळं प्लास्टिक आहे. ते स्वस्त आहे, हलकं आहे, आणि दोन महिन्यांत फाटून बांधावर फडफडत राहतं. त्यांना प्लास्टिक वापरू नका असं मी सांगावं, एवढा माझा डेनियर जाड नाही. दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईला जे परवडेल ते तिने घ्यावं. प्रश्न हौसेने भिजायला जाणाऱ्यांचा आहे, ज्यांना निवड करता येते.

आणि एवढं करून, मुका कोट घातला तरी ऐकू येत नाही! हे दुकानात कुणी सांगत नाही. कापड कितीही मुकं असो, टोपी डोक्यावर घेतली आणि पाऊस त्यावर पडू लागला की कानाशी कुणी ताशा वाजवतंय असं होतं. सड्यावर त्या रात्री दहा मिनिटं मी मन लावून ऐकत होतो ते माझ्याच टोपीचं संगीत होतं. मेहुण्याने मागून येऊन माझी टोपी खाली ओढली. पाणी मानेतून पाठीत गेलं. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. आणि मग ऐकू आलं. एक इथून, एक तिथून, कुणी टिक् टिक्, कुणी दाराची बिजागरी कुरकुरावी तसा. मधेच एक लांबचा जाड आवाज, आमच्या साहेबांसारखा, ज्याला कुणी उत्तर देत नव्हतं. "कान ओले ठेवायचे, दाजी," मेहुणा कुजबुजला. "बाकी काय पाहिजे ते झाका."

हे वाक्य त्याने बेडकांविषयी म्हटलं होतं. मला ते सोमवारी शाखेत त्रास द्यायला लागलं.

२०२० साली कोविडमध्ये आमच्या काउंटरवर पारदर्शक प्लास्टिकचा पडदा बसवला. तेव्हा तो पाहिजेच होता. त्याच्यामागे बसून आम्ही काम केलं आणि पुष्कळ घरं त्या दिवसांत आमच्यावर अवलंबून होती. साथ गेली, पडदा राहिला. अगदी टिकाऊ. शिंतोडा येत नाही. आणि मुका तर इतका, की पलीकडचं माणूस काय बोलतंय ते ओठांवरून ओळखावं लागतं. खाली कागद सरकवायला चार बोटांची फट आहे. जून-जुलै म्हणजे पीककर्जाचा हंगाम. माणसं भिजत येतात. एकदा एक बाई आल्या. नखशिखांत ओल्या, पदरातून पाणी गळतंय. त्यांनी पोटाशी धरलेल्या पिशवीतून दुसरी पिशवी काढली, तिच्यातून तिसरी, आणि तिच्यातून सातबारा आणि पासबुक. कोरडं ठणठणीत. कुठल्याही परदेशी कोटात इतकं कोरडं काही राहिलेलं मी पाहिलेलं नाही. स्वतःसाठी त्यांच्याकडे यातली एकही पिशवी नव्हती.

"काय म्हणता, मावशी?" मी विचारलं.

त्यांनी काहीतरी सांगितलं. मला ऐकू गेलं नाही. त्यांनी परत सांगितलं. मग त्या वाकल्या, आणि चार बोटांच्या फटीला तोंड लावून बोलू लागल्या. साठीच्या पुढची बाई, स्वतःच्याच शेताच्या कर्जासाठी, फटीला तोंड लावून. मी खुर्ची उचलली आणि पडद्याच्या डाव्या टोकाला, जिथे तो संपतो तिथे, नेऊन ठेवली. गेल्या वर्षीची रक्कम भरली आहे, पण नातवाच्या दवाखान्याला पैसे गेल्यामुळे व्याजाचे काही राहिलेत, ते भरल्याशिवाय नवं मिळेल का, असं त्या विचारत होत्या. नियमाने उत्तर 'नाही' होतं, आणि ते मी दिलं. मात्र किती राहिलेत, कुठली सवलत कुठल्या तारखेपर्यंत आहे, तारीख अजून अकरा दिवस लांब आहे, हेही सांगितलं. फटीतून एवढं सगळं गेलं नसतं. त्या आठव्या दिवशी येऊन भरून गेल्या.

तेव्हापासून मी तिथेच बसतो. साहेबांनी विचारलं, "तिकडे का बसता? पंखा नाही लागत." मी म्हटलं, "उजेड बरा आहे." पावसाळ्यात माझ्या व्हाउचरांचे कोपरे थोडे ओले होतात, त्यावरून हेड कॅशियर कुरकुरतात. तेही टिकाऊ गटातले आहेत.

कोट मी घेतला तो चौथ्या नमुन्यातलाच, दुसऱ्या दुकानातून. वरचं कापड मऊ, विणलेलं, पाणी पिणारं. आत पॉलियुरेथेनचा पातळ पडदा. लेपात ते फ्लोरिनवालं कुटुंब नसल्याचं कॉलरीवर लिहिलेलं, आणि त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही. असा पडदा काही वर्षांत सुटून त्याचे पापुद्रे निघतात, हे मला माहीत आहे. दोन तासांत खांद्यांवर ओल येते. सरींत कोट एक किलोने जड होतो, वाळायला पंख्याखाली दोन दिवस लागतात, आणि तेवढे दिवस आमच्या हॉलमध्ये ओल्या कुत्र्याचा वास असतो. "अहो, हा कोट तुम्हाला कोरडं ठेवतो म्हणता," सौभाग्यवतींनी विचारलं, "मग घराला कोण ठेवणार?" मेणकापडाचा मुद्दा तिने माझ्याआधीच पकडला होता.

एकच उणीव राहिली होती. पुढच्या पट्टीला चिकटपट्टी होती, ती उघडताना चर्रर्र करून असा आवाज येई की सड्यावरचं सगळं संमेलन बरखास्त. गल्लीतल्या शिंप्याकडे नेऊन मी ती काढवली आणि बटणं लावून घेतली. शिंपी म्हणाला, "पावसाच्या कोटाला बटणं? मधल्या फटीतनं पाणी जाईल की, साहेब." मी म्हटलं, जाऊ दे. त्याने पाच बटणांचे साठ रुपये घेतले. त्यातलं चौथं जरा वेगळ्या रंगाचं आहे, पण रात्री दिसत नाही.